रामेश्वरच्या वाटेवर तंजावरला मित्राकडे उतरताना

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून स्वतःच्या गाडीनं रामेश्वरला निघायचं आहे. गाडीत नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाई निवृत्त शिक्षिका, गुडघे दुखतात. वाटेत तंजावरला नवऱ्याचा होस्टेलमधला मित्र राहतो, घराणं तिथलं जुनं मराठी. "हॉटेल घेतलंत तर पुन्हा बोलणार नाही," असं त्यानं बजावलंय. हातात दीड दिवस आणि दोन रात्री. घरी उतरावं की हॉटेलात? काय बघावं, काय सोडावं, न्यावं काय?

घरी उतरा. पण काही गोष्टी आधी विचारून, आणि दिवसाउजेडी पोचून.

मी गेली अठरा वर्षं लोकांच्या गाड्यांचे ताफे दक्षिणेत घेऊन जाते. त्याआधीपासून तंजावरला जाते, कारण माझी कॉलेजातली मैत्रीण तिथल्या मराठी घरात दिलेली आहे. पहिल्या खेपेला मी नेमकी तीच चूक केली, जी तुम्ही आता करायच्या बेतात आहात असं तुमच्या वेळापत्रकावरून दिसतंय. बंगळुरूहून सकाळी निघून, वाटेत दोन देवळं 'करून', रात्री साडेदहाला तंजावर. मैत्रिणीचे सासू-सासरे जेवायचे थांबलेले. सासूबाईंना मधुमेह. कुणी एक शब्द बोललं नाही. पानं वाढली, आग्रह केला, आणि मला तो भात घशाखाली उतरेना. मित्राच्या घरी पोचायची वेळ हा प्रवासातला पहिला निर्णय असतो, किलोमीटर त्याच्या मागून मोजायचे. ओळखीचं घर नसलेल्या गावात रात्री दहाला पोचलात तर फार तर हॉटेलवाला जांभई देईल.

म्हणून आधी रस्ता. पुणे ते तंजावर साधारण बाराशे-साडेबाराशे किलोमीटर. तुम्ही ते दोन दिवसांत बसवलंय. एकटे असता तर मी अडवलं नसतं, पण सासूबाईंचे गुडघे मध्ये आहेत. अडीच दिवस धरा. पहिल्या दिवशी पहाटे पाचला निघा. सातारा ते कागल या पट्ट्यात रुंदीकरणाच्या कामांमुळे वळणं घ्यावी लागतात, तिथं तास-दीड तास जातो असं गृहीतच धरायचं. पुढं बेळगाव, हुबळी करत मुक्कामाला दावणगेरे किंवा चित्रदुर्ग. दुसऱ्या दिवशी बंगळुरू शहरात अजिबात शिरायचं नाही. नेलमंगला ओलांडलं की नाइस रोड धरून थेट होसूरच्या बाजूला निघायचं, तिथून कृष्णगिरी, धर्मपुरी आणि मुक्काम सेलमला.

धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूरचा घाट लागतो. दिसायला फारसा घाट वाटत नाही, आपल्या खंबाटकीची सवय असलेल्याला तर हसू येईल. पण उतार लांबलचक आहे, आणि वरून भरलेले ट्रक ब्रेक तापवत येतात. तिथले अपघात तमिळनाडूत सगळ्यांना ठाऊक आहेत. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, दोन ट्रकांच्या मध्ये सापडू नका, आणि तो घाट अंधार पडायच्या आत उतरा. त्यासाठीच सेलमचा मुक्काम सांगतेय.

तिसऱ्या दिवशी सेलमहून तंजावर दोनशेच किलोमीटर उरतं. सकाळी इडली खाऊन निघालात की नामक्कल, मग मुसिरीवरून कावेरीच्या उत्तर काठानं त्रिची, आणि तिथून तासाभरात तंजावर. नामक्कल-मुसिरी-त्रिची हा रस्ता जरा अरुंद आहे, पण बरोबर असलेली कावेरी आणि केळीच्या बागा पाहता सोडू नये. अकराच्या सुमारास तुम्ही मित्राच्या दारात. घरातली बाई नुकती स्वयंपाकाला लागलेली असते, तुमच्या आंघोळी होतात, आणि साडेबाराला सगळे एकत्र पानावर बसतात.

ही वेळ सोयीची आहेच, पण त्या गावचं घड्याळही तसंच चालतं. मोठं देऊळ, तिथले लोक त्याला 'पेरिय कोविल' म्हणतात, दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतं ते चारला उघडतं. हॉटेलात उतरलेले प्रवासी हे साडेतीन तास रिक्षात आणि दुकानांत घालवतात आणि तंजावर फार उकडतं अशी तक्रार घेऊन परततात. तुमच्याकडे मात्र त्या वेळेला एक घर आहे. सकाळी देऊळ, दुपारी जेवण, झोप आणि गप्पा, संध्याकाळी पुन्हा बाहेर, ही त्या गावातल्या माणसांची चाल आहे. ती धरलीत तर मित्राला वेळ देणं आणि गाव बघणं यांत भांडण उरत नाही. मित्राचा वेळ दुपारी.

आता घरात उतरण्याबद्दल. मित्राला फोन करून तीन प्रश्न सरळ विचारा: झोपायची खोली तळमजल्यावर आहे का, संडास कमोडचा आहे का, आणि गाडी कुठं लावायची. यात लाजण्यासारखं काही नाही. जुन्या तंजावरची घरं रस्त्यावर अरुंद आणि आत लांबच लांब असतात, मध्ये चौक, जिने उभे, न्हाणीघर मागच्या अंगाला. सासूबाईंना रात्री दोनदा उठावं लागत असेल तर हा प्रश्न गावातल्या कुठल्याही देवळापेक्षा मोठा आहे. खोली वरच्या मजल्यावर आणि संडास जुना असं उत्तर आलं, तर मग हॉटेल घ्या, पण कारण स्पष्ट सांगून: "आईंचे गुडघे चालत नाहीत, झोपायला तेवढं जाऊ, बाकी दिवसभर तुमच्याकडेच." हे कुणालाही पटतं. 'तुम्हाला उगाच त्रास नको' हे कारण मात्र देऊ नका. त्याचा अर्थ तिथंही तोच घेतात जो आपल्याकडे घेतात.

गाडीचं सांगते. राजवाड्याभोवतीचे चार मोठे रस्ते म्हणजे कीळ वीदी, मेल वीदी, तेर्कु वीदी आणि वडक्कु वीदी, अर्थात पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. यांच्या आतल्या गल्ल्यांत मोठी गाडी घालू नका. मोबाईलचा नकाशा खुशाल आत नेतो, मग समोरून दुधाची सायकल आणि मागून रिक्षा येते. मित्राला एखाद्या मोठ्या रस्त्यावरच्या खुणेपाशी यायला सांगा आणि तो म्हणेल तिथं गाडी लावून दोन दिवस विसरून जा. गावात रिक्षानं फिरा. आणखी एक: तुम्ही जाताय तो मार्गळीचा महिना, आपला मार्गशीर्ष-पौष. त्या दिवसांत बायका पहाटे दारापुढं एरवीपेक्षा मोठ्या रांगोळ्या, म्हणजे कोलम, घालतात, कधीकधी अर्धा रस्ता व्यापतील एवढ्या. सकाळी गाडी काढताना त्यावरून चाक नेऊ नका. कुणी ओरडणार नाही, पण सगळी आळी बघेल, आणि तुमच्या गाडीवर एमएच लिहिलेलं असतं.

काय न्यायचं, याचं उत्तर माझ्या फजितीतून देते. पहिल्या खेपेला मी मराठी पुस्तकांचा गठ्ठा नेला होता. तीनशे वर्षं मराठी जपलेलं घर म्हटल्यावर दुसरं काय न्यावं! मैत्रिणीच्या सासऱ्यांनी पुस्तकं हातात घेतली, कुरवाळली, आणि शांतपणे सांगितलं, "बोलायला येतं, वाचायला नाही." शाळा तमिळमध्ये, नोकरी इंग्रजीत. मराठी राहिली ती घरात, तोंडी. काही जुन्या माणसांच्या वह्यांत मराठी गाणी तमिळ लिपीत उतरवलेली मी पाहिली आहेत. तेव्हा पुस्तकं, दिनदर्शिका वगैरे नको. आमसुलं न्या, गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी. ही देताना 'तुमचीच चव' असं म्हणू नका, कारण ती त्यांची चव नाही. त्यांच्या हातची मराठी चव चिंचेवर आणि कढीपत्त्यावर वाढलेली आहे. नवीन पदार्थ म्हणून द्या, आनंदानं घेतील. भाकरवडी टिकते, मुलांना आवडते. तिसऱ्या दिवसापर्यंत तुमच्याच मुलीनं ती संपवली नाही म्हणजे झालं.

त्यांची बोली ऐकताना पहिला तासभर गंमत वाटेल. वाक्याचा हेल तमिळ, मध्येच तमिळ शब्द, आणि मग अचानक असा एखादा शब्द जो आपण पणजीच्या तोंडी ऐकला होता. मुलीला आधीच सांगून ठेवा की हसायचं नाही आणि दुरुस्त तर मुळीच करायचं नाही. आमच्या एका ताफ्यातल्या गृहस्थांनी जेवताना यजमानांना 'शुद्ध मराठीत असं म्हणतात' म्हणून सांगितलं होतं. यजमान हसले. मी त्या गृहस्थांना पुन्हा नेलं नाही.

जेवणाचं थोडं सांगायला हवं, कारण तुमचा अर्धा दिवस त्यातच जाणार आहे आणि जायलाच हवा. 'पिट्लै' आणि 'रसवांगी' हे तंजावरकडच्या तमिळ घरांतलेही नेहमीचे पदार्थ. पहिल्यात आपलं पिठलं आणि दुसऱ्यात आपलं वांगं लपलंय हे नावावरूनच कळतं, पण समोर येतं ते डाळीचं, चिंचेचं, खोबऱ्याचं काहीतरी निराळंच. पुरणपोळीला तिकडे नुसतं 'पोळी' म्हणतात, उच्चार 'बोळी'कडे झुकणारा. सांबाराचं नाव संभाजीराजांवरून पडलं, तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली म्हणून चिंच घातली, ही गोष्ट तुम्हाला किमान दोनदा ऐकवली जाईल. तिला कागदोपत्री आधार नाही, पण जेवताना वाद घालू नका. आधार असलेली गोष्ट वेगळी आहे: तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या काळातलं 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे पाककृतींचं हस्तलिखित सरस्वती महाल ग्रंथालयात आहे आणि छापूनही निघालं आहे. मित्राच्या आईला स्वयंपाकात रस असेल तर तिच्यापाशी हा विषय काढा आणि मग गप्प बसून ऐका.

पान केळीचं असेल. जेवण झाल्यावर ते आपल्याकडे दुमडायचं, पलीकडे नाही. 'पुरे' साठी 'पोदुम' हा शब्द मुलीला शिकवा, तिला तो लागणार आहे.

घरातल्या सुनेचा विचार करा. तुमच्या मित्राची बायको नोकरी करत असेल तर चार पाहुण्यांचं दोन दिवसांचं रांधणं तिच्याच डोक्यावर आहे, तिच्या सासूबाई कितीही उत्साही असल्या तरी. माझा नियम असा: दुपारचं जेवण घरी, संध्याकाळचं टिफिन बाहेर. तिकडे संध्याकाळी डोसा, पोंगल, कॉफी यासाठी घरातले सगळे मिळून बाहेर जाणं अगदी रुळलेलं आहे, त्यामुळे "आज आमच्यातर्फे" म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही. बिलावरून झटापट होईलच. तुमच्या नवऱ्यानं हात धुवायच्या निमित्तानं आधीच उठून पैसे देऊन टाकावेत.

आता गाव. यादी करू नका. दीड दिवसात तीन ठिकाणं नीट होतात, आणि त्यातली दोन म्हणजे मोठं देऊळ आणि राजवाड्यातलं ग्रंथालय.

देवळात पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला जा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा. दोनदा जा असं मी मुद्दाम सांगते. संध्याकाळी ते गावाचं अंगण असतं: पोरं पळतात, म्हाताऱ्या फरशीवर पाय पसरून बसतात, सूर्य कलला की विमानाचा, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराचा, दगड मधासारखा होतो. मित्राच्या कुटुंबाला घेऊन जायचं ते तेव्हा. पहिल्या राजराज चोळानं १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ, विमान साठ मीटरहून उंच, आणि हजार वर्षांनंतरही लोक तिथं अंगाऱ्यासाठी ओंजळ पुढं करतात. १९८७ मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारसा म्हणून घेतलं. या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असं कुणीतरी तुम्हाला ऐकवेल. मुलीला संध्याकाळी साडेपाचला पूर्वेच्या अंगाला उभी करा आणि सावली कुठवर पोचते ते पावलांनी मोजायला सांगा. ऐकीव गोष्टीची स्वतः शहानिशा करायचा इतका स्वस्त धडा दुसरीकडे मिळत नाही.

पहाटेची खेप फक्त तुमची. मित्राला झोपू द्या. त्या वेळी सासूबाईंना घेऊन जा, कारण फरशी गार असते. दुपारकडे ती डिसेंबरातही पायाला चटके देते आणि चपला बाहेर ठेवाव्या लागतात. जाड मोजे बरोबर ठेवा. आत शिरताना पहिली जी वेस लागते तिला मराठ्यांची म्हणतात, मग केरळांतकन वेस आणि त्यामागून राजराजन वेस. समोरचा भलाथोरला नंदी पाहून लोक चोळांचं कौतुक करतात, पण तो नंतरचा, मराठ्यांच्या आधी इथं राज्य करणाऱ्या नायकांच्या काळातला. मार्गळीत आणि त्यातही शबरीमलैच्या दिवसांत काळी वस्त्रं नेसलेल्या अय्यप्पाभक्तांच्या बसवर बस येतात, तेव्हा दर्शनाची रांग लांबते. सातच्या आत गेलात तर मोकळं मिळतं.

आणि मग तुम्ही ज्यासाठी पुण्याहून आलात असं मी म्हणेन, ते. प्रदक्षिणेत नैर्ऋत्येच्या बाजूला ओवरीच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास तिथं दगडात कोरवून घेतला. मराठीतला एवढा मोठा कोरीव लेख दुसरा नाही, आणि तो आहे कावेरीच्या खोऱ्यात. बहुतेक लोक समोरून निघून जातात, कारण आजूबाजूला तमिळ लेखच लेख आहेत आणि नजर सवयीनं घसरते. देवनागरी दिसली की थांबा. सासूबाईंसाठी कुठं टेकायला जागा आहे ते बघा आणि त्यांना मोठ्यानं वाचू द्या. पहिल्या काही ओळी अडखळतात, मग डोळा सरावतो. आमच्या ताफ्यातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी तिथं पाऊण तास काढला होता, आणि त्यांच्या मागं हळूहळू वीस-पंचवीस तमिळ माणसं उभी राहिली होती, नुसती ऐकत.

मुलीला एवढं सांगून ठेवा: शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, ज्यांना इकडे एकोजी म्हणतात, १६७५-७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत दोघा भावांची भेट झाली आणि ती काही गोड झाली नाही. वडिलांच्या मिळकतीचा वाटा हा विषय होता. ते घराणं १८५५ पर्यंत, शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारल्यावर इंग्रजांनी खालसा करेपर्यंत, इथं राहिलं. बस, अकरा वर्षांच्या मुलीला भावाभावांच्या वाट्याचं भांडण लगेच समजतं. सनावळ्या नंतर.

ग्रंथालय दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळाहून येऊन नाश्ता झाल्यावर. उघडण्याचा वार आणि वेळ मित्राकडून आदल्या दिवशीच पक्की करून घ्या. सरस्वती महाल हे नायकांच्या काळापासूनचं, पण त्याला आजचं रूप आलं ते दुसऱ्या सरफोजींमुळे. हा राजा मला फार आवडतो, म्हणून इथं जरा रेंगाळते. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेला, इंग्रजी उत्तम येणारा, राज्यकारभार कंपनीनं काढून घेतलेला. १७९९ च्या तहानंतर त्याच्या हातात किल्ला आणि त्याच्या आसपासचा मुलूख एवढंच उरलं. मग त्यानं पुस्तकं जमवली, काशीला गेला तेव्हा तिथूनही पोथ्या आणल्या, छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, त्याही १८०६ च्या आसपास, म्हणजे पुण्यात पेशवाई चालू असताना. त्याच्या धन्वंतरी महालात डोळ्यांवर उपचार होत, आणि रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून नोंदी ठेवलेल्या आहेत. संग्रहालयाच्या दालनात अशा काही वस्तू मांडलेल्या असतात. दालन एवढंसं आहे, अर्ध्या तासात होतं. प्रत्यक्ष पोथ्यांचं भांडार अभ्यासकांसाठी, ते तुम्हाला दिसणार नाही. पण कपाटांमागं कुठंतरी तीन हजारांच्या आसपास मराठी हस्तलिखितं आणि मोडीचे ढीग आहेत हे मनात ठेवून उभं राहिलं की त्या लहान खोलीला वजन येतं.

राजवाड्याच्याच आवारात कलादालन आहे. तिथले चोळांचे कांस्य नटराज मोठ्यांसाठी, आणि देवमाशाचा अख्खा सांगाडा मुलीसाठी. ती घरी गेल्यावर नटराज विसरेल, सांगाडा नाही. दरबार हॉलमधली चित्रं उडालेली आहेत. पटकन बघून बाहेर पडा, दीड वाजता पानं वाढलेली असतील.

तिसरं ठिकाण सासूबाईंच्या आवडीवर सोडते. गाण्या-कीर्तनाची आवड असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिरुवैयारूला जा. तेरा किलोमीटर, कावेरीच्या काठी, कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी. पौष वद्य पंचमीला तिथं आराधना भरते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही त्याआधी जाताय, त्यामुळे घाटावर शांतपणे बसता येईल. मित्राच्या आईलाही बरोबर न्या आणि दोघींना पायरीवर सोडून द्या. तंजावरकडच्या हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं चालतात. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारख्या मराठी कीर्तनकारांनी तिकडे जाऊन कीर्तनं केली आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी ती रीत उचलली. दोन म्हाताऱ्यांना एक अभंग समान सापडला तर तुमचं काम झालं, आणि सापडेलच.

कुंभकोणम, दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम हे सगळं मला माहीत आहे आणि सगळं सुंदर आहे. या वेळी सोडा. ते रामेश्वरच्या उलट दिशेला आहे आणि तिकडे वळलात की मित्राच्या घरची दुपार हातची जाते. नाचरी बाहुली, जी मान डोलावते, ती मात्र मुलीसाठी घ्या. तंजावरी चित्र घ्यायचा मोह झाला तर मित्राच्या बायकोला विचारल्याशिवाय घेऊ नका. सोन्याचा वर्ख आणि सोनेरी कागद यांतला फरक रस्त्यावरच्या दुकानात आपल्याला कळत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी अर्धा तास जास्तीचा ठेवा. हळदीकुंकू, विड्याची पानं, नारळ, बहुधा ब्लाउजपीस, हे सगळं होईल, आणि सासूबाईंना ते फार ओळखीचं वाटेल. तिकडेही निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'पोयिट्टु वरेन', म्हणजे जाऊन येते. घाईघाईत चाक फिरवून निघू नका.

आणि वाट निवडताना कारैकुडीवरून जाणारी न धरता पट्टुकोट्टईवरून जाणारी धरा. तंजावरहून वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडू लागतं. तिथं सरफोजींनी मुक्तांबेच्या नावानं बांधलेलं छत्रम, म्हणजे अन्नछत्र नि धर्मशाळा, आहे. भिंतीला दगडी घोडे जोडलेले, जणू रथच. मी पाहिलं तेव्हा बरीच पडझड होती, पण दहा मिनिटं उतरून बघण्यासारखं नक्की आहे. तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या यात्रेच्या वाटेवर अशी छत्रं राण्यांच्या आणि प्रियजनांच्या नावानं बांधली. इंग्रजांनी ती ताब्यात घेऊ नयेत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीला, पत्र लिहिलं, त्यात तिथल्या रिवाजाचं वर्णन आहे: जातपात न बघता येईल त्याला जेवण, आजाऱ्याला औषध, आणि मध्यरात्री घंटा वाजवून ज्यांना आधी पोचता आलं नाही अशांना हाक.

माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांनी मला हे पत्र सांगितलं ते त्या साडेदहाच्या रात्रीनंतर तीन वर्षांनी. तेव्हाही ते हसत होते. मी मात्र तेव्हापासून दुपारी बाराच्या आत पोचते.

पट्टुकोट्टईच्या पुढं मल्लिपट्टिनमजवळ समुद्राच्या काठी 'मनोरा' नावाचाच मनोरा आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाच्या आठवणीसाठी सरफोजींनी १८१४-१५ च्या सुमारास बांधलेला. पुण्याच्या माणसाला जरा खटकतं, पण बघा. तिथून पूर्व किनाऱ्याचा रस्ता धरून मिमिसल, तोंडी, देवीपट्टिनम करत रामनाथपुरम, मग पांबनचा पूल. ईशान्येचा पाऊस डिसेंबरअखेर ओसरत आलेला असतो, पण किनाऱ्यावर वादळाचा इशारा असेल तर हा रस्ता सोडून आतून पुदुकोट्टईवरून जा. रस्त्यात कुठं भात वाळत घातलेलं दिसलं तर कडेनं घ्या, चाकाखाली घालू नका. पांबनच्या पुलावर फोटोसाठी गाडी थांबवू नका, मनाई आहे. आणि रामेश्वरला पोचलात की तंजावरला एक फोन करा. मित्राची आई वाट बघत असेल.